काढलं तरी न जाणारं अँटीव्हायरस: तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_गोदाकाठ
भाचीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, तिच्यासाठी काल नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरून लॅपटॉप घेतला. घरी आणून चालू केला, वायफायचा पासवर्ड टाकून होत नाही तोच उजव्या कोपऱ्यात खिडकी आली: तुमचा संगणक असुरक्षित आहे, आत्ताच संरक्षण घ्या. नवंकोरं मशीन, आणि त्यात आम्ही कुणीच न मागितलेलं ट्रायलचं अँटीव्हायरस आधीच येऊन बसलेलं.

ती खिडकी बघितली आणि बाबा आठवले. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने डेस्कटॉप घेतला होता. दुकानदाराने त्यात एक अँटीव्हायरस टाकून दिलं. मुदत संपत आली की लाल रंगाची पाटी यायची आणि बाबा खरोखर घाबरायचे. "मशीन बंद पडेल का गं? बँकेचे पैसे जातील का?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी त्यांनी त्या रिन्यूअलची तारीख लाल पेनाने लिहून ठेवलेली असायची. पेन्शनमधून दरवर्षी पैसे भरले त्यांनी, केवळ भीतीपोटी. विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण २०१२ पासून, म्हणजे विंडोज ८ पासून फुकट येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मी ते काढायला बसले तेव्हा आधी "का जाताय" विचारणारा फॉर्म. मग "खरंच असुरक्षित राहायचं आहे का?" राहण्याचं बटण मोठं हिरवं, जाण्याचं बटण म्हणजे खाली बारीक राखाडी ओळ. सगळं पार करून रीस्टार्ट केलं, चिन्ह गेलं. काही दिवसांनी लाल पाटी परत हजर! फोल्डर उडवायला गेले तर म्हणे तुम्हाला परवानगी नाही. बाबांचं मशीन, बाबांचे पैसे, आणि परवानगी नाही. मला अजूनही त्याचा राग येतो.

तुमचे अनुभव लिहा. आणि भाचीच्या मशीनचं काय करू तेही सांगा.

स्वप्निल_सातपूर
फोल्डर उडत नाही ते मुद्दाम केलेलं असतं ताई. खरा व्हायरस आला तर तो पहिल्यांदा अँटीव्हायरसच मारायला बघतो, म्हणून ते स्वतःच्या फायलींना, सर्व्हिसला कुणाला हात लावू देत नाही. ॲडमिनलाही नाही. त्यात चूक काही नाही. पण मालकाने रीतसर जा म्हटल्यावर निमूट जायला पाहिजे ना, ते होत नाही.

बहुतेक कंपन्यांचं काढण्यासाठीचं वेगळं टूल असतं, त्यांच्याच साइटवर. पण ते मदतीच्या पानांत इतकं खोल पुरलेलं की शोधणाऱ्याचा दम निघतो. आधी सेटिंगमधून नेहमीसारखं अनइन्स्टॉल, मग ते टूल, मग रीस्टार्ट. हा क्रम ठेवा. टूल दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका, तिथे भलतंच काही गळ्यात पडतं.

अर्चना७५
आमच्याकडे पण सेम. ट्रायल संपल्यापासून रोज दोनदा

कर_सल्लागार_शरणपूर
महिन्याची २० तारीख, जीएसटी रिटर्नची शेवटची संध्याकाळ. क्लायंट समोर बसलेला. डिजिटल सहीचं टोकन लावलंय, लाइट लुकलुकतोय आणि पोर्टल म्हणतंय सही करणारा प्रोग्राम सापडत नाही. तासभर टोकन काढ-घाल, ड्रायव्हर परत टाक, दुसरा यूएसबी पोर्ट बघ. शेवटी ऑफिसातल्या पोराने अँटीव्हायरसचं वेब शील्ड बंद केलं आणि सही झाली. पोर्टल आणि आपल्याच मशीनवरचा प्रोग्राम यांच्यामध्ये ते बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. तरी त्याने घुसवलेलं रूट प्रमाणपत्र (कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते यावरून ठरतं) विंडोजच्या यादीत तसंच राहिलं होतं. सुरक्षित साइट तपासायच्या तर ही अँटीव्हायरसं स्वतःचं प्रमाणपत्र टाकून मध्ये बसतात, आणि जाताना ते कधीकधी मागेच राहतं. अँटीव्हायरस काढलं की ती यादी उघडून त्याच्या नावाचं काही उरलंय का ते बघाच. ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडून बघून घ्या, भलतं उडवू नका.

प्रेसवाल्यांची_लेक
मृण्मयी ताई, बाबांचं वाचून गलबलून आलं. माझे बाबा पण प्रेसमध्येच! जेलरोडला राहायचात का तुम्ही?

मृण्मयी_गोदाकाठ
हो गं, जेलरोडलाच. नोट प्रेसमध्ये होते, तुझे?

प्रेसवाल्यांची_लेक
माझे सिक्युरिटी प्रेसमध्ये, स्टॅम्प पेपरकडे. एकमेकांना ओळखतही असतील. निरोप पाठवते तुला

निफाडचा_बागायतदार
आमचं तर नेटच गेलं. पॅकहाउसवर एकच लॅपटॉप, त्याच्यावर ग्रेपनेटचं, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी साइटचं काम, निर्यातीचा सीझन तोंडावर. अँटीव्हायरसची मुदत संपलेली, पोरगं म्हणालं काढून टाकू. काढलं. वायफाय जोडलेलं दाखवतंय पण एक पान उघडत नाही. मोबाइलवर त्याच वायफायने सगळं चालू. गाडी भरायची वेळ आणि कागद निघंना. पिंपळगावच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, सेटिंगात नेटवर्क रीसेट म्हणून आहे ते करा. केलं, रीस्टार्ट झालं, नेट चालू. वायफायचे पासवर्ड तेवढे परत टाकावे लागतात, आधी लिहून ठेवा.

तो म्हणाला अँटीव्हायरसची फायरवॉल नेटच्या रस्त्यात एक अडसर बसवती, प्रोग्राम गेला तरी अडसर तसाच राहतो. पागडीवरचा भाडेकरू जागा सोडून गेला आणि कुलूप त्याचंच राहिलं अशातली गत.

बाकी यंदा छाटणी झाल्यापासून पावसाने जीव खाल्लाय. डावणीला फवारे मारून मारून थकलो. तुमच्याकडं कसंय?

दिंडोरीकर
इकडं पण तेच भाऊ. थॉमसनला घडच कमी आहेत. तुमचा वाण कोणता?

निफाडचा_बागायतदार
थॉमसन आणि थोडी जंबो. फोन करतो संध्याकाळी

वैशाली_इंदिरानगर
अँटीव्हायरस काढायला सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू होतं तो प्रकार) जा म्हणून व्हिडिओत सांगतात, त्याआधी एक गोष्ट वाचा सगळ्यांनी. मुलगा त्याच्या लॅपटॉपवर सेफ मोडला गेला आणि निळा पडदा आला, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. आम्हाला माहीतच नव्हतं की डिस्क एन्क्रिप्ट आहे. हल्ली नवीन विंडोज ११ च्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप होतं. त्याचा प्रोजेक्ट सबमिट करायचा होता, चेहरा पांढरा पडला होता पोराचा. नशीब, त्याच खात्यात वेबवर ती की साठवलेली असते, माझ्या फोनवरून लॉगिन करून एकेक आकडा वाचून सांगितला. आधी की कागदावर उतरवा, मगच सेफ मोड.

स्वप्निल_सातपूर
+१ वैशाली ताई. अजून एक, सेफ मोडमध्ये विंडोजचा इन्स्टॉलर बंद असतो, म्हणून कंट्रोल पॅनेलमधून बरेच प्रोग्राम तिथे निघतच नाहीत, एरर येते. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. सेफ मोड त्या कंपनीच्या टूलसाठी.

कॉलेजरोड_निखिल
आईच्या लॅपटॉपवरून सगळं काढलं, टूल चालवलं, सगळं स्वच्छ. तरी उजव्या कोपऱ्यात "आपले अँटीव्हायरस संपले, ५ व्हायरस सापडले". वेड लागायची पाळी. ते अँटीव्हायरस नव्हतंच! रेसिपीच्या कुठल्या तरी साइटवर नोटिफिकेशनला अलाऊ दाबलं गेलं होतं, ती साइट क्रोममधून या पाट्या पाठवत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग, मग नोटिफिकेशन. तिथे अनोळखी साइट दिसली की उडवा. मृण्मयी ताई, काढल्यावरही पाटी आली तर आधी हे तपासा, पाटीवर बारीक अक्षरात साइटचं नाव असतं.

अर्चना७५
निखिल थँक्यू!!! माझं हेच निघालं. साडीच्या साइटचं नाव होतं खाली. बंद केलं

देवळाली_कॅम्प
जरा गंभीर लिहितो. माझ्या काकांना, वय ७२, ईमेल आला की तुमच्या अँटीव्हायरसचं रिन्यूअल झालं, खात्यातून पैसे वळते होतील, नको असल्यास या नंबरवर फोन करा. काकांनी फोन केला. समोरचा माणूस अतिशय गोड बोलणारा. रिफंड देतो म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं आणि नेट बँकिंग उघडायला सांगितलं. त्याच वेळी काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी ऐकलं आणि सरळ राउटरची पिन उपटली. म्हणून पैसे वाचले.

ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी त्यांना आजच सांगा: ईमेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावायचा, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

वैशाली_इंदिरानगर
काकूंना माझा नमस्कार सांगा 🙏

प्रेसवाल्यांची_लेक
काकू ग्रेट!

अंबड_आयटी
थोडं वेगळं मत. सरसकट अँटीव्हायरस नकोच असं नाही. आमच्या कंपनीत पन्नासेक मशीन आहेत, कोण कुठला पेनड्राइव्ह लावेल सांगता येत नाही, तिथे एका जागेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवणारं लागतंच. राग मलाही न निघणाऱ्याचा आहे, आणि त्यातला खरा धोका कुणी लिहिला नाही. अर्धवट निघालेलं अँटीव्हायरस विंडोजच्या नोंदीत जिवंत राहू शकतं. विंडोजला वाटतं राखणदार आहे, म्हणून त्याचं स्वतःचं डिफेंडर बंदच राहतं. म्हणजे ते गेलंही आणि हेही चालू नाही, घर उघडं. काढल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस संरक्षणाखाली डिफेंडर चालू दिसतंय का ते बघितल्याशिवाय उठू नका.

आत काही उरलंय का बघायचं असेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं सलग, मधल्या रेघा सोडून, इंग्रजीत टाइप करा. फायलींच्या वाटेवर बसलेल्या फिल्टरची यादी येते, प्रत्येकापुढे एक आकडा. ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा अँटीव्हायरससाठी राखीव आहे. त्यात ३२८०१० आकड्याचं डब्ल्यूडी-फिल्टर दिसेल, ते विंडोजचंच. त्याला हात लावायचा नाही. दुसरं कुठलं दिसलं तर काढलेलं अजून गेलेलं नाही. पण ती फाइल हाताने उडवू नका, मशीन सुरूच होणार नाही असं होऊ शकतं. परत टूलच चालवा.

पंचवटी_एक्सप्रेस
यावरून आठवलं, १९ जुलै २०२४. मी मुंबई एअरपोर्टवर. क्राउडस्ट्राइक या कंपन्यांना सुरक्षा सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर गेली. देशात कितीतरी ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले त्या दिवशी. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या किती खोल गाभ्यात बसतं ते तेव्हा कळलं. सेफ मोडला जाऊन एक फाइल उडवायची एवढाच उपाय होता, पण एकेका मशीनसमोर बसून

कर_सल्लागार_शरणपूर
पैशाचं राहिलं. प्रोग्राम काढला म्हणजे वर्गणी थांबत नाही! कार्डावर ऑटो रिन्यूअल चालूच असतं. बँकेच्या ॲपमध्ये मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणून यादी असते, तिथून रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. आणि बारीक राखाडी बटणाचा जो खेळ ताईंनी लिहिला, त्यावर केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, असे १३ फसवे प्रकार त्यात दिलेत. वर्गणीत अडकवणं आणि सारखं टोचत राहणं, दोन्ही आहेत. तक्रारीला १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

मृण्मयी_गोदाकाठ
हे १९१५ मला माहीत नव्हतं. बाबांच्या वेळी असतं तर मी पहिला फोन केला असता.

आत्ता भाचीला बसवलं समोर आणि तिच्याच हाताने करवलं. की कागदावर लिहून घेतली, मग अनइन्स्टॉल, मग टूल. सेफ मोडची गरजच पडली नाही. डिफेंडर चालू दिसतंय, हिरवी खूण आहे. यादी पण बघितली, त्या पट्ट्यात ३२८०१० एवढाच.

अंबड_आयटी
झालं मग. आता अपडेट आले की लगेच घ्यायची सवय लावा तिला, निम्मं संरक्षण त्यातच आहे. पेनड्राइव्ह कुणाचाही लावू नये.

निफाडचा_बागायतदार
आमच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचं काय? डिफेंडर पुरतं का

अंबड_आयटी
दादा, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसची नवी यादी मिळत राहते, पण खुद्द विंडोजची भोकं बुजायची थांबतात. मशीनला ११ चालत असेल तर फुकट मिळतं. प्रोसेसरचं नाव कळवा, चालेल का ते सांगतो.

निफाडचा_बागायतदार
पोरगं शाळेतून आलं की बघायला लावतो.