प्रतिजैविके, आतड्यातील जिवाणू आणि दमा : संबंध कितपत पक्का?

प्रश्न :
लहानपणी वारंवार प्रतिजैविके घेतलेल्या मुलांत पुढे दमा आणि ॲलर्जी अधिक आढळते, असे वाचनात येते. औषधाने आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मरतात हे समजते. परंतु धूळ किंवा परागकण जातात ते फुफ्फुसात. आतड्यातील उलथापालथीची खबर तिथवर पोहोचते कशी?

प्रतिसाद १ :
मिशिगन विद्यापीठातील गॅरी हफनेगल यांच्या गटाने २००४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच प्रश्नाचा आहे. त्यांनी उंदरांना पाच दिवस सेफोपेराझोन हे प्रतिजैविक दिले, मग कँडिडा ही बुरशी पाजली आणि त्यानंतर ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू नाकावाटे दिले. ज्यांचे जिवाणू शाबूत होते त्या उंदरांनी ते बीजाणू निमूटपणे सोसले. औषध दिलेल्यांच्या फुफ्फुसांत मात्र ॲलर्जीची खूण मानल्या जाणाऱ्या इओसिनोफिल पेशींची गर्दी झाली. जिवाणूंचा धाक उरला नाही की आतड्यात बुरशी माजते, रक्तातील प्रोस्टाग्लँडिन ई२ हे संदेशवाहक रसायन वाढते आणि फुफ्फुसातील मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी ॲलर्जीला पोषक वळण घेतात, असे २०१४ सालच्या उंदरांवरील संशोधनात दिसले. तुम्ही म्हणता ती खबर अशी रक्तावाटे जाते. दुसरी वाट अभावाची आहे : क्लॉस्ट्रिडिया गटातील जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करतात आणि त्यामुळे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, ते जिवाणूच गेले, तर हा लगाम सैल पडतो.

प्रतिसाद २ :
यात वयाचा मुद्दा राहून गेला. कॅनडातील ब्रेट फिनले यांच्या गटाने २०१२ साली दाखवले, की नवजात उंदरांना व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यास दम्यासारखा विकार बळावतो, पण स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाने तसे घडत नाही. आणि प्रौढ उंदरांत व्हँकोमायसिनचाही तो परिणाम दिसत नाही. म्हणून सरसकट ‘प्रतिजैविके’ असे म्हणणे मला ढोबळ वाटते.

प्रतिसाद ३ :
उंदरांचे मान्य, मुलांच्या बाबतीत मी थोडा साशंक आहे. दम्याची सुरुवातीची घरघर छातीचा संसर्ग समजून औषध दिले जाते, आणि मग औषधामुळेच दमा झाला असे भासते. स्वीडनमधील सुमारे पाच लाख मुलांच्या नोंदींच्या अभ्यासात (२०१४) भावंडांची आपसांत तुलना केली, तेव्हा श्वसनसंसर्गासाठी दिलेल्या प्रतिजैविकांचा दम्याशी दिसणारा संबंध बराच घटला, तर त्वचेच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दिलेल्यांचा उरलाच नाही. दोष केवळ जिवाणूंच्या ऱ्हासाचा असता, तर औषध कोणत्या अवयवासाठी दिले याने इतका फरक का पडावा?

प्रतिसाद २ (पुन्हा) :
आक्षेप रास्त आहे. तरीही कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तान्ह्या मुलांना दिली जाणारी प्रतिजैविके कमी होत गेली तसे लहान मुलांतील दम्याचे नवे रुग्णही घटले, असे २०२० साली प्रसिद्ध झाले आहे. केवळ उलट्या कार्यकारणभावाने, म्हणजे दम्याच्या लक्षणांमुळेच औषध दिले गेले असे म्हणून, एवढे सगळे उलगडत नाही.