कॅराव्हॅनच्या भिंतीला पोट आलंय: काय करावं?

प्रेषक: खारघर, नवी मुंबई
नमस्कार मंडळी,

अमेरिकेतून परत येऊन बरीच वर्षं झाली तरी तिकडच्या मराठी मंडळींच्या या ईमेल यादीवरून नाव काढलेलं नाही. अशा प्रश्नाला उत्तर मिळालं तर इथेच मिळेल, कारण तिकडे आपल्यातल्या कितीतरी जणांकडे ट्रेलर आहेत.

गाडीमागे ओढायची आमची कॅराव्हॅन आम्ही इथल्याच एका बॉडीवाल्याकडून बांधून घेतली. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, मधे थर्मोकोल, दोन्ही अंगांना प्लाय आणि बाहेरून पांढरी एफआरपी (फायबरग्लासची) शीट अशी तिची भिंत आहे. पावसाळाभर ती सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी होती. गणपती झाल्यावर धुवायला घेतली, तर डाव्या बाजूला खिडकीखाली भिंतीला चक्क पोट आलेलं. दोनेक फूट रुंद, आणि सरळ पट्टी टेकवली तर मध्यावर बोटभर उठलेलं. दाबलं की आत जातं, हात काढला की पुन्हा बाहेर येतं. दुपारी जास्त दिसतं, सकाळी कमी. आतल्या बाजूला डाग नाही, वासही नाही.

बांधणारा म्हणतो, "चार रिव्हेट मारतो, पुट्टी भरतो, रंग देतो, दिवाळीला घेऊन जा." माझं मन घेत नाही. कुणी या प्रकारातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रेषक: ॲन आर्बर, मिशिगन
ताई, रिव्हेट अजिबात मारू देऊ नका. प्रत्येक रिव्हेट म्हणजे पाण्याला आणखी एक वाट.

आमचा ट्रेलर जुन्या पद्धतीचा आहे, लाकडी चौकटीवर नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यात पत्रा फुगला तर आतलं लाकूड कुजून स्टेपल सुटलेत असं समजायचं. पत्रे एकमेकांत अडकवलेले असतात. ते क्रमाने सोडवून लाकूड बदललं की काम झालं. शिवाय इथे हिवाळ्यात भिंतीत शिरलेलं पाणी गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे एका हिवाळ्यात छोट्या गळतीचं मोठं काम होतं. तुमची भिंत मात्र चिकटवलेली आहे. तिचं शास्त्र वेगळं. ठाण्याचे काका यादीवर आहेत ना अजून? त्यांची हयात याच कामात गेली आहे.

प्रेषक: घोडबंदर रोड, ठाणे
ताई, नमस्कार. यादीवर आहे, रोज वाचतो. लेकीकडे तिकडे राहिलो तेव्हापासूनचं सभासदत्व आहे. नोकरी सगळी रबाळे एमआयडीसीत, शीतपेट्यांच्या ट्रकचे पॅनेल बनवण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

अशा भिंतीची ताकद शीटमध्येही नसते आणि थर्मोकोलमध्येही नसते. सगळे थर एकमेकांना धरून असतात म्हणून ती ताठ उभी राहते. एक थर सुटला की तेवढ्या भागात भिंत उरत नाही, नुसता पडदा उरतो. तुमचा फुगा दुपारी वाढतो याचं कारण पोकळीतली हवा तापून प्रसरण पावते. म्हणजे तिथे शीट मोकळी झाली आहे, एवढं तुमच्या वर्णनावरून नक्की. ती का मोकळी झाली, हे शोधायचं बाकी आहे आणि दुरुस्तीचं निम्मं काम तेच आहे.

आधी हद्द आखा. रुपयाचं नाणं घेऊन भिंतीवर बोटाबोटाच्या अंतराने टकटक करत जा. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. चिकटलेल्या जागी खणखणीत वाजेल, सुटलेल्या जागी बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे मास्किंग टेप लावा, टेपवर तारीख लिहा. डोळ्यांना दिसतो त्याहून सुटलेला भाग बहुतेक वेळा बराच मोठा निघतो. आठवड्याने पुन्हा वाजवा. हद्द पुढे सरकली असेल तर पाणी अजून आत येतंय.

मग खिडकीचे चारही कोपरे नीट बघा. तिथून तिरक्या चिरा निघाल्या असतील किंवा शीटवर तिरप्या सुरकुत्या असतील, तर तो गोंदाचा दोष नाही. खालची चासी वाकते आहे किंवा एखादं वेल्डिंग तुटलं आहे. मग भिंतीला हात लावण्याआधी गाडी वेल्डरकडे न्यावी लागेल, नाहीतर चिकटवलेलं पुन्हा सुटेल.

ओल मोजायला दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या. बाहेरून एफआरपीवर टोचून उपयोग नाही, आतून प्लायमध्ये टोचा. पुस्तकात १५ टक्क्यांच्या आत कोरडं आणि २० च्या वर कुजण्याची भीती असं लिहिलेलं असतं. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत धडधाकट प्लायसुद्धा १६ ते १८ दाखवतो. म्हणून आकडा एकटा वाचू नका. त्याच भिंतीवर दूरच्या चांगल्या जागी एक मोजा आणि फुग्यापाशी एक. दोन्हींत फरक किती ते बघा. आतल्या प्लायला डाग नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या भिंतीत दोन प्लाय आहेत. खराब झालेला बाहेरचा आहे आणि तो दोन्हीकडून झाकलेला आहे.

आता पाण्याची वाट. फुगा खिडकीखाली आहे म्हणून खिडकीच गळते असं धरू नका. पाणी छताच्या कडेने शिरतं, आडव्या पाइपवरून वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी उतरतं. माझी खात्रीची पद्धत सांगतो. सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, सिंकच्या आणि इतर भोकांना टेप लावा, आणि छताच्या झरोक्यातून ब्लोअरने आत हवा भरा. फार जोर नको, दार उघडताना किंचित दाब जाणवेल एवढंच. मग बाहेरून प्रत्येक जोडावर, स्क्रूवर आणि दिव्याच्या कडेवर साबणाचं पाणी फवारा. जिथे फेस येईल तिथून पावसात पाणी आत जातं. ब्लोअर माझ्याकडे आहे, कुणाला तरी पाठवून मागवून घ्या.

आणि घाई करू नका. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याआधी भिंत उघडली तर ती वाळण्याऐवजी हवेतली ओल पीत बसेल. तोवर वरून ताडपत्री टाका, पण भिंतीला चिकटू देऊ नका, वारा खेळता राहू द्या.

प्रेषक: खारघर, नवी मुंबई
काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. नाण्याने वाजवल्यावर सुटलेला भाग दिसत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. चांगल्या जागी मीटर १७ दाखवतो, फुग्यापाशी २६. खिडकीचे कोपरे स्वच्छ आहेत, चीर कुठेही नाही.

साबणाच्या पाण्याने तर कमालच केली. खिडकीभोवती फेसाचा थेंब नाही. वर, छताला लागून चांदणीची (बाहेर सावलीसाठी ओढायच्या कापडी छपराची) पट्टी बसवली आहे, तिच्या तीन स्क्रूंच्या डोक्यांभोवती बारीक फेस धरला, पुसला तरी पुन्हा आला. स्क्रू काढला तर लाल गंजलेला, आणि भोकातून पाण्याचा ओघळ आला. त्या वेळी पाऊस पडून चार दिवस झाले होते!

खिडकी काढून शीट जराशी ओढून पाहिली. शीटच्या पाठीला प्लायचा पातळ काळपट पापुद्रा घट्ट चिकटलेला आहे. बाकीचा प्लाय पाइपांना धरून आहे, पण नखाने सोलला जातो. बांधणारा आता म्हणतो की आत रेझिन ओतून दाबून टाकू.

प्रेषक: घोडबंदर रोड, ठाणे
ताई, थांबा. कुठलं रेझिन, ते आधी विचारा.

तुमच्या निरीक्षणातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. शीटचा गोंद सुटलेला नाही, पाण्याने प्लायचेच थर सोडवले. म्हणजे गोंद चांगला होता आणि प्लाय हलका. नवीन प्लाय घालताना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच मागा.

आता रेझिन. आपल्याकडच्या एफआरपीच्या कारखान्यांत सर्रास पॉलिएस्टर रेझिन वापरतात. स्वस्त असतं, लवकर सुकतं आणि कारागिराचा हात त्यावर बसलेला असतो. पण त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्मोकोल विरघळवतं. ते भिंतीत ओतलं तर शीट चिकटेल, पण मागचा थर्मोकोल खाल्ला जाऊन नवी पोकळी तयार होईल, तीही उघडून बघता येणार नाही अशी. ॲसिटोन, पेट्रोल, थिनर आणि सॉल्व्हंट असलेला रबरी गोंद हेही थर्मोकोलचं तेच करतात. कारागीर जे काही आणेल त्याचे चार थेंब तुमच्या देखत थर्मोकोलच्या तुकड्यावर टाकायला लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. खड्डा पडला तर डबा परत पाठवा. फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोमही नको, तो फुगताना शीट आणखी बाहेर ढकलतो. इथे इपॉक्सीच हवं.

काम असं करा. चांदणीच्या पट्टीची गळती सर्वांत आधी बंद करा, कारण ती राहिली तर पुढचं सगळं वाया. मग खिडकी आणि खालची कडपट्टी काढा, शीट वर-खाली मोकळी करा आणि लाकडी पाचरी घालून ती भिंतीपासून दूर धरून ठेवा. लांब पटाशीने सडका प्लाय खरवडून काढा, काळा भाग अजिबात ठेवू नका. पाइपांवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून इपॉक्सी प्रायमर लावा. त्यानंतर पंखा लावून वाळू द्या, मीटर चांगल्या जागेइतका खाली येईपर्यंत. हॅलोजन किंवा हीट गन जवळ नेऊ नका, थर्मोकोल साधारण ८० अंशांच्या पुढे मऊ पडतो.

शीटची पाठ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाला चांगला मास्क हवाच, एफआरपीची धूळ फुप्फुसात जायला नको. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, त्याने थर्मोकोलला काही होत नाही. इपॉक्सी वजनकाट्यावर मोजून, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने हार्डनर वाढवून ते लवकर सुकत नाही, कच्चं राहतं. पहिला हात पातळ, प्लायने पिऊन घ्यावा असा. दुसरा हात एरोसिल (सिलिकाची बारीक पूड) घालून घट्ट केलेला. एका वेळी थोडंच मिसळा, कारण मोठ्या डब्यात ते स्वतःच्या उष्णतेने उकळून घट्ट होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, तेव्हा ऑक्टोबरच्या दुपारी हे काम नको, सकाळी लवकर करा.

दाबण्यासाठी बाहेरून १८ मिमीचा सपाट प्लाय, त्याच्या आणि शीटच्या मधे पॉलिथीन. गाडी सोसायटीच्या कुंपणभिंतीला समांतर उभी करा आणि सेंट्रिंगचे टेकू त्या भिंतीला लावून दाब द्या. आतूनही समोरच्या भिंतीपर्यंत तसाच आधार हवा, नाहीतर सगळी भिंतच आत जाईल. मध्यापासून सुरुवात करून कडांकडे या, म्हणजे हवा बाहेर पडेल. फार आवळू नका. सगळा गोंद पिळून बाहेर आला तर चिकटायला काय उरणार? २४ तास हात लावू नका.

शेवटी खिडकी ब्यूटिल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवा. सिलिकॉन कुठेही नको, त्यावर पुढे दुसरं काही धरत नाही. चांदणीचे स्क्रू नवे, स्टेनलेसचे, आणि प्रत्येक भोकात सिकाफ्लेक्स २२१ सारखा पीयू सीलंट भरूनच आवळा. खालची कडपट्टी मात्र सीलंटने पूर्ण बुजवू नका. चुकून पाणी आत गेलंच तर बाहेर पडायला जागा हवी.

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
काका, आमच्या ट्रेलरलाही मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा फुगा आहे. एवढ्यासाठी भिंत उघडावी का? सुईने इपॉक्सी भरता येईल असं इथले लोक सांगतात.

प्रेषक: घोडबंदर रोड, ठाणे
भरता येईल, पण तीन अटींवर. गळती बंद झालेली असावी, आत पूर्ण कोरडं असावं, आणि मागचा थर शाबूत असावा. आतल्या बाजूने ३ मिमीची भोकं पाडा, एकातून इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून हवा बाहेर येऊ द्या आणि लगेच फळीने दाबा. दाबायला उशीर झाला तर जिथे जास्त साचेल तिथे कायमचा उंचवटा राहतो. ओल्या किंवा सडक्या प्लायवर हे करू नका. चिकटल्यासारखं दिसेल, पण इपॉक्सीने धरलेला सडका थर मागून पुन्हा सुटेल.

तुमच्याकडच्या काही नव्या ट्रेलरांत शीटमागे लाकडाऐवजी अझडेलसारखा कुजत नसलेला थर असतो. तसं असेल तर काम पुष्कळ सोपं आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात ते दिलेलं असतं, आधी पाहून घ्या. फोटो पाठवलात तर बघून सांगतो, पण समोरून काढलेला फोटो नको. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीच्या कडेला उभं राहून तिच्या लांबीने काढा, म्हणजे उठाव किती आहे ते सावलीवरून कळेल.