न्यायबुद्धी स्वभावात असते की परिस्थितीत?

रानवारा
दोघे अनोळखी. एकाच्या हातात शंभर रुपये. त्यातले दुसऱ्याला किती द्यायचे ते त्याने ठरवायचं. दुसरा 'हो' म्हणाला तर तशी वाटणी, 'नाही' म्हणाला तर दोघांनाही शून्य. 1982 साली जर्मनीत ग्युट आणि सहकाऱ्यांनी तपासलेला हा 'अल्टिमेटम गेम'. पुढे वीसच रुपये आले तर बरेच जण ते झिडकारतात. 'डिक्टेटर गेम'मध्ये तर नकाराची सोयच नाही, तरी कित्येक जण काही ना काही देतात. स्वभावाचे गुण मोजणाऱ्या हेक्साको चाचणीत 'प्रामाणिकपणा-नम्रता' ज्यांची जास्त, ते इथे जास्त देतात. जाब विचारणारं कुणी नसताना जो देतो, त्याचा तो स्वभावच, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड
साफ असहमत. मानववंशशास्त्रज्ञ हेन्रिक आणि मंडळींनी 15 छोट्या समाजांत हा अल्टिमेटम गेम खेळवला, 2001 साली निष्कर्ष आले. पेरूतले माचिगेंगा सरासरी पावच हिस्सा देऊ करत. इंडोनेशियातले लामालेराचे देवमासा मारणारे लोक निम्म्याहून जास्त. तिथे एकट्याने शिकार होतच नाही, वाटणीचे नियम ठरलेले. मग अख्खे माचिगेंगा काय जन्मजात चिक्कू? आपल्या ईशान्य भारतात रक्कम 20 हजार रुपयांपर्यंत नेली, तर नकार जवळजवळ संपलेच. कुठे गेला स्वभाव?

रानवारा
सरासरी समाजाची असते हो. एकाच गावात, तेवढ्याच रकमेवर एक जण निम्मे देतो, दुसरा दहा. ते कशामुळे?

सायली
तुम्ही दोघं देणाऱ्यावरच अडलात. घेणाऱ्याकडे बघा. त्याच हेक्साको चाचणीत 'सौम्यपणा' हा वेगळा गुण आहे, आणि तो जास्त असलेले लोक अन्याय्य वाटणीही स्वीकारतात. आपल्याकडे वडील गेले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. चहाचा कप बाजूला सारून भाऊ कागद सरकवतो, "इथे सही कर गं, बाकी मी बघतो." तिने केली की "किती समजूतदार!" आणि सातबाऱ्यावरून नाव कमी. घेण्यातल्या सोशिकपणाला आपण न्यायबुद्धी म्हणतो, याची मला खरंच चीड येते.

आकडेमोड
चीड योग्य, कारण चुकीचं. ती सही करते ती माहेर तुटेल या धास्तीने. यात स्वभाव कुठून आला?

सायली
धास्ती असतेच. पण प्रयोगात समोरचा अनोळखी, नाव गुप्त, नातं तुटायचा प्रश्नच नाही. तरी सौम्य माणूस वीस रुपये घेतो.

आकडेमोड
आयुष्यभर "तू सोडून दे" ऐकलेली बाई प्रयोगातही तेच करणार. एखादी सही करत नाही, कारण तिची स्वतःची मिळकत असते. आधी तिच्या नावावर काय आहे ते विचारा.

रानवारा
तुम्हीच आणलेल्या 15 समाजांच्या अभ्यासात वय, लिंग, संपत्ती यांवरून कोण किती देईल ते सांगता आलं नव्हतं. तो भाग तुम्ही वगळलात. मिळकत सारखी असलेल्या दोन बहिणींपैकी एकच सही करते, त्याचं उत्तर द्या.