मदत हवी आहे : ‘टास्क’च्या फसवणुकीनंतर बँकेने आमचेच खाते गोठवले

नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. माझ्या वहिनींना गेल्या महिन्यात टेलिग्रामवरून हॉटेलांना घरबसल्या रेटिंग देण्याचे काम मिळाले. पहिल्या दोन दिवसांत ९०० रुपये खरोखरच खात्यात जमा झाले आणि त्या विश्वासावर त्यांनी ‘प्रीपेड टास्क’साठी टप्प्याटप्प्याने ४२,००० रुपये भरले, जे परत मागताच ‘आधी कर भरा’ असे उत्तर आले. (कमाईसाठी आधी पैसे भरायला सांगितले तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्या ९०० रुपयांनी घात केला.) सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मिळाला आहे.

आता वहिनींचेच खाते गोठले आहे, कारण बँकेच्या म्हणण्यानुसार ते ९०० रुपये फसवल्या गेलेल्या दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून वळवलेले होते आणि त्या व्यक्तीने परराज्यात तक्रार केली आहे. खाते मोकळे करण्यासाठी तिथल्या पोलिसांना ईमेल पाठवणे पुरेसे ठरते का, की प्रत्यक्ष जावे लागते? केवळ ९०० रुपये रोखून उरलेले खाते चालू ठेवण्याची विनंती कुणाची मान्य झाली आहे का, आणि सोबत कोणती कागदपत्रे जोडली होती? ‘शुल्क घेऊन पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे संदेशही येऊ लागले आहेत. त्यांना आम्ही उत्तर दिलेले नाही.