स्पर्धा कोणाला, सवलत कोणाला?

अमेरिकी कामगारांनी परदेशी अभियंत्यांशी स्पर्धा करताना कुरकुर करू नये, हे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे. मात्र हा नियम राज्यकर्ते स्वतःला लावत नाहीत, हे या चर्चेतून निसटले आहे. परदेशी कुशल कर्मचाऱ्यांना अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या वर्षाला ६५,००० आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद ठरवते, म्हणजे अभियंत्याला स्पर्धक किती हे ठरवणारे दुसरेच; उलट तिथल्या बहुतेक राज्यांत मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळेच आखतात, म्हणजे राज्यकर्ते आपली स्पर्धा आपणच ठरवतात, आणि त्यातल्या पक्षीय पक्षपातात संघीय न्यायालये पडणार नाहीत, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकले.

आपल्याकडे तरी काय वेगळे? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकीविना प्रशासकच कारभार पाहत होते. (ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे; पण घाई कोणालाच असल्याचे दिसले नाही.) त्या काळात आमच्या कोथरूडच्या गल्लीत माजी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फलक न चुकता लागत असे, आणि त्याच फलकाखाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी दहा मिनिटांत कोथिंबीर घरपोच देणाऱ्या ॲपशी रोज झुंजत होत्या.