अनुभव धागा: धेंपो पाहिलेल्यांनो, लिहा

पणजीसारख्या लहान शहराच्या धेंपो क्लबाने देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग 5 वेळा जिंकली. 2004-05 आणि 2006-07 ची राष्ट्रीय लीग, मग तीच आय-लीग झाल्यावर 2007-08, 2009-10 आणि 2011-12. त्या 8 हंगामांत सालगावकर आणि चर्चिल ब्रदर्सनीही एकेकदा करंडक नेला. गोव्याबाहेर तो एकदाच गेला, 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. माझ्या भाच्याला युरोपातल्या क्लबांचे राखीव खेळाडूसुद्धा तोंडपाठ आहेत, पण धेंपोचे बचावपटू समीर नाईक कोण हे त्याला माहीत नव्हतं. ही आठवण आपणच पुढे द्यायला हवी, म्हणून हा धागा. धेंपो स्पोर्ट्स क्लब जिथे, जसा पाहिला असेल, तसा लिहा.

सांतिनेज, पणजी

क्लब आमचा, पण मोठ्या मॅचेस मडगावला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. बाबा सरकारी नोकरीत. मॅचच्या दिवशी ते दुपारीच रजा टाकून यायचे आणि आम्ही कदंबाच्या बसस्टँडवर धावायचो. पुढे झुआरी पुलावर गाड्या अडकल्या की बसमधली निम्मी माणसं घड्याळ बघायची. तीही आमच्यासारखीच मॅचला निघालेली असायची.

नायजेरियाचा रांती मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो ही जोडी ज्यांनी मैदानात बसून पाहिली, त्यांना माझं म्हणणं पटेल. बेटोकडे चेंडू आला की बाबा म्हणायचे, "आता चेंडू नको बघूस, रांतीला बघ." आणि खरंच, पास सुटायच्या आधीच रांती बचावफळीच्या मागे धावायला लागलेला असायचा. 2011-12 च्या हंगामात त्याने लीगमध्ये 32 गोल केले. पण मला त्याहून जास्त आवडायचा तो महेश गवळी. बचावातला खेळाडू, गडबड नाही, आरडाओरडा नाही. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन वळेपर्यंत हा आधीच तिथे. मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा. हे तिघंही गोव्याचीच मुलं! विकत आणलेल्या नावांवर उभा राहिलेला संघ नव्हता तो.

मॅच संपल्यावर बाहेरच्या गाड्यावर रस आमलेट, आणि परतीच्या बसमध्ये प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंनी अमुक खेळाडू आधीच का नाही बदलला यावर पणजीपर्यंत वाद.

दादर, मुंबई

मी जुना माणूस. धेंपो मला कूपरेजवर भेटला, रोव्हर्स कपात. तेव्हा मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स यांचे संघ जोरात होते आणि आमचा जीव त्यांच्यात. पण सत्तरच्या दशकात गोव्याचे हे लोक आले आणि कप घेऊन गेले. लाकडी बाकांवर माझ्या शेजारी गिरगावातले गोवेकर बसायचे, कोकणीत ओरडायचे. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "तू खंयचो?" मालवणचा म्हटल्यावर त्यांनी मला आपल्यातच धरलं.

कप कुठे गेला यापेक्षा मला एक गोष्ट जास्त बोचते. आमच्या मिलच्या टीम गेल्या, 2010 मध्ये महिंद्र युनायटेडही बंद झाला. एवढी मोठी मुंबई, पण जुना संघ टिकवू शकली नाही. पणजीने टिकवला, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

बेंगळुरू

5 डिसेंबर 2004 ला मी कांतीरवा स्टेडियममध्ये होतो. फेडरेशन कपाची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने दुसरा गोल केला तेव्हा गोलकीपर आणि तो आदळले. चेंडू जाळ्यात गेला म्हणून आम्ही ओरडतच होतो. तो पडलेला आहे, उठत नाही, हे लक्षात यायला वेळ लागला. संघातले खेळाडू त्याच्या छातीवर दाब देताना दिसले. पंचविशीतला ब्राझीलचा पोरगा, ईस्ट बंगाल सोडून त्याच वर्षी धेंपोत आलेला. तो गेला. 2-0 अशी जिंकलेली फायनल, दोन्ही गोल त्याचे.

धेंपोने त्याची 10 नंबरची जर्सी नंतर कुणाला दिली नाही. आणि त्याच हंगामात, काही महिन्यांत, या संघाने आपली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. ते खेळाडू कसे उभे राहिले असतील, याचा मी आजही विचार करतो. आमच्या कॉलनीच्या स्पर्धेत मी गेटवर असतो. ॲम्ब्युलन्स आल्याशिवाय मी शिट्टी वाजू देत नाही. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

सावंतवाडी

आमच्याकडे तेव्हा फुटबॉल टीव्हीवर क्वचित. सकाळी गोव्याचे पेपर यायचे, त्यात 'नवप्रभा' आला की शेवटचं पान आधी. तो पेपर धेंपो समूहाचाच, त्यामुळे बातमी सविस्तर असायची. 2008 मध्ये एएफसी कपाच्या उपांत्य फेरीत लेबनॉनच्या सफा क्लबाकडून हरलो, ते मी केशकर्तनालयात वाचलं. आशियातल्या शेवटच्या चार संघांत आपल्या शेजारचा क्लब! दुकानात पेपर हातोहात फिरला.

जुने गोवे

माझा मुलगा धेंपोच्या अकादमीत होता, म्हणून मधल्या वर्षांबद्दल लिहिते. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

2015 मध्ये संघ आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी दुसरा विभाग जिंकून परत वर आला. घरी आम्ही श्रीखंड आणलं. आणि मग 2016 मध्ये धेंपो, सालगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनीही लीगमधून माघार घेतली. महासंघाच्या नव्या आराखड्यात वरची जागा आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला जाणार होती. तिथे तेव्हा पैसे भरून प्रवेश होता, खाली कितीही जिंकलं तरी वर जायला वाट नव्हती. मग खर्च कशासाठी करायचा, हा क्लबांचा प्रश्न मला तेव्हा पटला होता, आजही पटतो.

पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी काय करायचं? पहाटे साडेपाचला उठून मैदानावर जाणारा मुलगा एके दिवशी म्हणाला, "आई, आता कुणासाठी खेळू?" गोवा प्रोफेशनल लीग होती, क्लब तिथे खेळत राहिला, अकादमीला कुलूप लागलं नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण देशभर फिरून खेळायची त्या मुलांची वर्षं गेली ती गेलीच. माझा मुलगा आता बँकेत आहे. शनिवारी लहान मुलांना शिकवतो.

धागाकर्ता

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तुमच्या मुलालाही इथे लिहायला सांगा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: 2023-24 मध्ये आय-लीग 2 मधून वर येऊन धेंपो 2024-25 ला पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, आणि प्रशिक्षक होते समीर नाईक, पाचही विजेतेपदांच्या काळातले आपलेच बचावपटू. माझा भाचा माझ्यासोबत मॅचला आला. आता नाव विचारावं लागत नाही.

डिचोली, फोंडा, वास्को इथून अजून कुणी लिहिलेलं नाही. कुणाकडे जुनी तिकिटं, संघाचे फोटो असतील तर तेही इथे टाका, कोणत्या सालचे ते मात्र नक्की लिहा.