'लेट' एक नव्हे, दोन
इंग्रजी 'लेट'चा (let) अर्थ 'अडवणं'वरून उलटून 'जाऊ देणं' झाला, असं कुणीतरी म्हटलंय. तसं नाही. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती: 'लॅटन' म्हणजे जाऊ देणं, 'लेट्टन' म्हणजे अडवणं. पुढे रूप एकच झालं नि घोळ झाला. १६११च्या 'किंग जेम्स' या इंग्रजी बायबलात अडवणारा 'लेट' अजून धडधाकट आहे.

आज तो पाहायचाय? आपला पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' छापलंय. हिंदीत सरळ 'बिना रोक-टोक'. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून गेली की पुकारतात तो 'लेट'ही बहुधा हाच. आणि गंमत म्हणजे हा 'लेट्टन' उशीरवाल्या 'लेट'चा सख्खा नातेवाईक. अडवणं म्हणजे मुळात उशीर करवणं. सिग्नलला खोळंबलेल्या लोकलमध्ये बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!